वीस मिनिटं आणि नंतरची वर्षं

कॅन्सस राज्यात मे महिन्यात सायरन वाजला म्हणून कुणी लगेच धावत सुटत नाही. आधी टीव्हीवरचा नकाशा बघतात. काही जण अंगणात येऊन नैऋत्येकडचं आभाळ बघतात. मग बूट घालून, कुत्र्याला हाक मारून, घराखालच्या जिन्याने तळघरात उतरतात. ४ मे २००७ च्या शुक्रवारी रात्री ग्रीन्सबर्ग या गावातही बहुतेकांनी हेच केलं. पावणेदहाच्या सुमारास टोर्नेडो गावात शिरला. त्याआधी जवळजवळ वीस मिनिटं सायरन वाजत होते.

रुंदीला तो सर्वांत मोठा असताना पावणेतीन किलोमीटरच्या आसपास होता. गावाची रुंदी त्याहून कमी. त्यामुळे वादळ गावाच्या एका अंगाने गेलं आणि दुसरं अंग वाचलं, असं काही झालंच नाही. दक्षिणेकडून आलेल्या वादळाने अख्खं गाव एकदम पोटात घेतलं. तळघरात बसलेल्यांचे आधी दिवे गेले, मग कानांना दडे बसले, मग वर लाकूड मोडल्याचा आवाज सुरू झाला. काही मिनिटांनी सगळं थांबलं तेव्हा कित्येकांना दिसलं, की जिना जागेवर आहे आणि जिन्याच्या वर घर नाही. गावातली सुमारे ९५ टक्के घरं-दुकानं त्या रात्री नष्ट झाली किंवा कामातून गेली. रुग्णालय, शाळा, नगरपालिकेची इमारत, ट्रॅक्टरचं दुकान, चर्च, सगळंच.

या टोर्नेडोने ११ माणसं मारली. हा आकडा लहान नाही. पण दीड हजारांच्या आतबाहेर वस्ती असलेलं गाव रात्रीच्या अंधारात जमिनीवरून पुसलं जातं आणि बाकीची जवळजवळ सगळी माणसं मलब्यातून बाहेर येतात, हे कसं घडलं असेल? यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'वारा' हा विषय दिला तेव्हा माझ्या मनात हाच प्रश्न आला. ग्रीन्सबर्गला गेल्यावर दुसरा आला, आणि तो मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. माणसं वाचली. मग ती गेली कुठे?

गव्हाच्या मुलखातला रस्ता

विचिटा हे कॅन्ससमधलं सर्वांत मोठं शहर. विमानं बांधणाऱ्या कारखान्यांचं. या कारखान्यांमुळे तिथे थोडी मराठी घरंही आहेत. त्यातल्याच एका घरी मी उतरलो होतो. वहिनींनी चहाच्या आधी तळघर दाखवलं. एका फळीवर बॅटऱ्या, पाण्याच्या बाटल्या, हवामानाचे इशारे देणारा रेडिओ, पासपोर्टची पिशवी आणि घरातल्या प्रत्येकाचे जुने बूट. शेजारी मुलांची सायकलची हेल्मेटं. बूट कशाला, तर वादळ गेल्यावर वर येताना काचा आणि खिळ्यांवरूनच चालावं लागतं. अनेकांना वादळात नव्हे, वादळानंतर जखमा होतात. आणि डोक्याला लागू नये म्हणून हेल्मेट. दर सोमवारी दुपारी बाराला शहरभर सायरन वाजवून ते चालू असल्याची खात्री करून घेतात. मुलं त्या आवाजाकडे लक्षही देत नाहीत, पण सोमवार नसताना तो वाजला तर काय करायचं, हे सगळ्यांत धाकटीलाही ठाऊक होतं.

तिथून चोपन्न क्रमांकाच्या महामार्गाने पश्चिमेला पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास गेलं की ग्रीन्सबर्ग येतं. वाटेत गहू, ज्वारी, गुरांची कुरणं. ज्वारी बघून आपल्या माणसाला बरं वाटतं, पण इथली ज्वारी कमरेएवढी बुटकी आणि बहुतेक जनावरांच्या पोटात जाणारी. दर काही मैलांवर क्षितिजावर आधी धान्याचं उंच कोठार दिसतं, मग पाण्याची टाकी, मग गाव. या मुलखात गावं वसली ती रेल्वेच्या रुळांवर आणि या कोठारांभोवती. शेतकरी जूनमध्ये ट्रकने गहू आणून ओततो, कोठार तो साठवतं, रेल्वे घेऊन जाते. गावाचं बाकी सगळं, म्हणजे बँक, शाळा, ट्रॅक्टरची दुरुस्ती, कॉफीची जागा, याच्याच आधाराने उभं.

ग्रीन्सबर्गकडे आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे विहीर. १८८७-८८ मध्ये मजुरांनी फावडी आणि टिकाव घेऊन खणलेली, १०९ फूट खोल आणि ३२ फूट व्यासाची. रेल्वेला आणि गावाला पाणी लागणार म्हणून ती खणली आणि दगडाने बांधून काढली. १९३२ पर्यंत गाव तिचं पाणी प्यायलं. हाताने खणलेली जगातली सर्वांत मोठी विहीर म्हणून पुढे ती बघायला लोक येऊ लागले. विहिरीशेजारच्या संग्रहालयात, याच परिसरात सापडलेला सुमारे हजार पौंडांचा अशनी ठेवला होता. वादळाने संग्रहालयाची इमारत नेली. अशनी नंतर पडलेल्या भिंतीखाली सापडला. विहिरीला काही झालं नाही. आता तिच्यावर गोल आकाराचं नवं संग्रहालय आहे आणि नागमोडी जिन्याने आत उतरता येतं. खाली उतरताना गारवा वाढत जातो. वादळाच्या रात्रीचे फोटो आणि वस्तू वरच्या मजल्यावर आहेत. तिथे मी बराच वेळ रेंगाळलो.

तिथलाच वारा असा का

आपल्याकडे चैत्र-वैशाखात माळावर वावटळ उठते. तापलेल्या जमिनीवरची हवा गरगरत वर जाते, पालापाचोळा फिरतो आणि मिटतो. टोर्नेडो वेगळा. तो लटकलेला असतो वरच्या अजस्र ढगाला, आणि त्याचं बळ त्या ढगाच्या पोटातून येतं.

अमेरिकेच्या मधल्या मैदानाची रचनाच यासाठी जमून आल्यासारखी आहे. दक्षिणेला मेक्सिकोचं आखात. तिथून वसंतात उबदार, दमट वारा उत्तरेकडे वाहतो. पश्चिमेच्या पठारांवरून आणि रॉकी पर्वतांपलीकडून कोरडी हवा येते आणि या दमट हवेवर झाकणासारखी बसते. मध्ये आडवा डोंगर कुठेच नाही. दिवसभर खालची हवा तापत राहते, झाकण टिकतं तोवर आभाळ निवांत दिसतं. ते फुटलं की तासाभरात ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो.

पण नुसता उंच ढग पुरत नाही. जमिनीजवळचा वारा एका दिशेने व हळू आणि वरचा दुसऱ्या दिशेने व जोरात वाहत असेल, तर मधली हवा आडवी लाटण्यासारखी लोळू लागते. ढगात वर चढणारा प्रवाह हे आडवं लोळणं उभं करतो आणि मग ढगाचा गाभाच फिरू लागतो. अशा फिरत्या ढगाला हवामानशास्त्रात सुपरसेल म्हणतात. असे सगळे ढग टोर्नेडो जन्माला घालत नाहीत. कुठला घालेल, हे आधी नेमकं सांगणं आजही जमलेलं नाही. मे महिन्यात सूर्य मावळल्यावर जमिनीपासून थोड्या उंचीवर दक्षिणेचा वारा बऱ्याचदा जोर धरतो. म्हणूनच संध्याकाळ झाली म्हणजे धोका टळला असं या मैदानात कुणी मानत नाही. ग्रीन्सबर्गवर आलेल्या एकाच ढगाने त्या रात्री एकामागून एक अनेक टोर्नेडो सोडले. ग्रीन्सबर्गनंतरचेही मोठे होते. ते बरेचसे शेतांवरून गेले म्हणून त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. त्यातल्याच एकात शेजारच्या मॅक्सव्हिल गावच्या, रात्री कामावर असलेल्या एका पोलिसाची गाडी सापडली आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

इतके हिंस्र टोर्नेडो आपल्या उपखंडातही होतात, हे आपण विसरतो. बांगलादेशात दौलतपूर-सातुरियाला २६ एप्रिल १९८९ रोजी आलेल्या टोर्नेडोत सुमारे १३०० माणसं मेली. जगात एवढी माणसं मारणारा दुसरा टोर्नेडो नोंदलेला नाही. तिथे तळघरं नव्हती, आणि अशी सायरनची व्यवस्थाही नव्हती.

उडॉल आणि ग्रीन्सबर्ग

कॅन्ससमध्येच, विचिटाच्या आग्नेयेला उडॉल नावाचं गाव आहे. २५ मे १९५५ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास तिथे टोर्नेडो आला. गाव जेमतेम सहाशे वस्तीचं. लोक झोपलेले किंवा झोपायच्या तयारीत. त्यांच्यापर्यंत इशारा पोचलाच नाही. सुमारे ऐंशी माणसं गेली. त्या राज्यातला हा सर्वांत जीवघेणा टोर्नेडो.

उडॉल आणि ग्रीन्सबर्ग यांच्यामधल्या बावन्न वर्षांत जे उभं राहिलं, ते मला कुठल्याही मोठ्या पुलापेक्षा किंवा धरणापेक्षा कमी वाटत नाही. एके काळी अमेरिकेच्या हवामान खात्यात, लोक घाबरतील म्हणून, अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्द वापरायची मुभा नव्हती. ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी २५ मार्च १९४८ रोजी पहिला अंदाज वर्तवला आणि तो खरा ठरला. पुढे देशभर अंदाज देण्याची पद्धत बसली. नव्वदच्या दशकात डॉप्लर रडारचं जाळं आलं. हे रडार पाऊस तर दाखवतंच, पण ढगातला वारा कुठे आपल्याकडे येतोय आणि कुठे दूर जातोय हेही दाखवतं. दोन्ही अगदी शेजारी शेजारी दिसले की तिथे हवा फिरते आहे असं समजायचं.

पण रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी वक्र आहे. लांबच्या गावावर तो जमिनीच्या खूप वरून जातो, त्यामुळे खाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. ही उणीव माणसं भरून काढतात. प्रशिक्षण घेतलेले शेतकरी, अग्निशमन दलाचे स्वयंसेवक, शेरीफच्या हाताखालचे पोलीस आपापल्या गाड्या टेकाडावर लावून आभाळ बघतात आणि रेडिओवर कळवतात. यांना पगार नसतो, किंवा असला तर तो या कामाचा नसतो. ग्रीन्सबर्गच्या रात्री अंधार होता. वीज चमकली की क्षणभर काळी भिंत दिसायची. ही माहिती आणि रडारवरचं चित्र जुळवून डॉज सिटीच्या हवामान कार्यालयाने साध्या इशाऱ्याच्या वरचा, 'टोर्नेडो इमर्जन्सी' हा इशारा दिला. तो फार क्वचित देतात. १९९९ मध्ये ओक्लाहोमात तो पहिल्यांदा वापरला गेला होता. त्याचा साधा अर्थ असा, की मोठा टोर्नेडो वस्तीवर येतो आहे आणि आता नकाशा बघत बसायची वेळ नाही.

यातली शेवटची कडी म्हणजे तळघर. रडार, उपग्रह, सायरन सगळं असलं तरी उतरायला जागा नसेल तर वीस मिनिटांचा उपयोग फार थोडा. त्या रात्री रुग्णालयातल्या लोकांनाही तळघरानेच वाचवलं. वर इमारत मोडत होती.

उभं काय राहिलं

सकाळी उजेड झाला तेव्हा दूरवरून दिसत होतं ते धान्याचं कोठार. पांढरंशुभ्र, जवळजवळ अभंग. आजूबाजूला झाडांचे सोललेले बुंधे. साल वाऱ्याने आणि वाऱ्यातल्या कचऱ्याने ओरबाडून नेलेली. १९१४ सालचं परगण्याचं न्यायालय आणि मुख्य रस्त्यावरची एक जुनी विटांची इमारत एवढीच काय ती टिकली.

कोठार का टिकलं? ते गोल नळकांड्यांचं, सळ्या घातलेल्या काँक्रीटचं असतं, आणि साचा हळूहळू वर सरकवत, रात्रंदिवस काम न थांबवता ओततात. त्यामुळे मध्ये सांधा राहत नाही. गोल भिंतीवरून वारा घसरतो. घरांची गोष्ट उलटी. अमेरिकेतलं साधं घर लाकडी चौकटीचं. वाऱ्यात आधी गॅरेजचं दार आत जातं, मग हवा घरात शिरून छताला वर ढकलते, छत गेलं की भिंतींना धरून ठेवणारं काही उरत नाही. पुढे गावात एक प्रयोग म्हणून कोठारासारख्याच काँक्रीटच्या गोल भिंतींचं घर बांधलं गेलं, ते हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून.

टोर्नेडोचा वेग सहसा कुणी मोजलेला नसतो. काय मोडलं, ते कसं बांधलेलं होतं, यावरून तो मागाहून ठरवतात. ही पद्धत शिकागो विद्यापीठातल्या तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये बसवली. जपानमधल्या अणुबाँबच्या विध्वंसाची पाहणी त्यांनी तरुणपणी केली होती. पडलेल्या खांबांची दिशा आणि जळाल्याच्या खुणा यांवरून स्फोट कुठे झाला असेल हे काढायची नजर त्यांना तिथे आली. त्यांच्या मोजपट्टीची सुधारलेली आवृत्ती १ फेब्रुवारी २००७ पासून लागू झाली. तीन महिन्यांनी ग्रीन्सबर्ग झालं. ताशी सुमारे ३३० किलोमीटर वेगाचा अंदाज आणि सर्वांत वरची, पाचवी पायरी. नव्या पट्टीवर त्या पायरीला पोचलेला तो पहिला टोर्नेडो.

शेतांची अवस्था निराळी होती. त्याच एप्रिलमध्ये उशिराच्या कडाक्याच्या थंडीने कॅन्ससचा गहू करपला होता. आता उरल्यासुरल्या उभ्या पिकात पत्रे, खिळे, काचा, फर्निचर येऊन पडलं. कापणीच्या यंत्रात खिळा गेला तर यंत्र बसतं, आणि कुरणात राहिला तर गाय तो गिळते. घर साफ करणं एकीकडे, आणि शेत पायी पायी वेचून काढणं एकीकडे. बातम्यांमध्ये घरं दिसतात. शेत वेचणारी माणसं फारशी दिसत नाहीत.

नव्याने बांधताना

स्टीव्ह ह्यूइट हे तेव्हा गावचे प्रशासक. त्यांचंही घर गेलं होतं. काही दिवसांतच गावकऱ्यांच्या सभा सुरू झाल्या, मोठ्या तंबूत. गाव पुन्हा जसंच्या तसं बांधायचं की वेगळं, यावर वाद झाले. हे पुराणमतवादी, रिपब्लिकन मतांचं गाव. 'पर्यावरण' म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारी माणसं इथे कमी नव्हती. पण आजी-आजोबांनी पवनचक्कीवर पाणी उपसलेलं, पावसाचं पाणी साठवलेलं, काही वाया घालवू न देणारा संसार केलेला. त्या भाषेत विषय निघाला तेव्हा तो गळी उतरला. पुढे महापौर झालेले बॉब डिक्सन हीच गोष्ट बाहेरच्यांना समजावून सांगत असत. डिसेंबर २००७ मध्ये नगरपालिकेने ठराव केला, की चार हजार चौरस फुटांवरची आपली प्रत्येक इमारत हरित बांधकामाच्या सर्वोच्च, म्हणजे लीड प्लॅटिनम दर्जाची असेल. अमेरिकेत असा ठराव करणारं हे पहिलं गाव.

आज ते मुख्य रस्त्यावरून चालताना दिसतं. जुन्या विटा वापरलेली नगरपालिका. कॅन्सस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आराखड्यापासून सगळं काम करून उभं केलेलं कलाकेंद्र, ज्याचं नाव वादळाच्या तारखेवरून '५.४.७' आहे. २०१० मध्ये सुरू झालेलं रुग्णालय आणि त्याच वर्षीची शाळा. वादळानंतरच्या ऑगस्टमध्येच ट्रेलरमध्ये वर्ग भरले होते, एकही वर्ष चुकलं नाही. मला विचाराल तर गाव टिकलं त्याला सर्वांत मोठं कारण हेच. शाळा शेजारच्या गावात गेली असती, तर आई-वडीलही मागोमाग गेले असते.

गावाबाहेर दहा मोठ्या पवनचक्क्या आहेत. प्रत्येकी सव्वा मेगावॅटच्या, एकूण साडेबारा मेगावॅटच्या. त्या सुझलॉनच्या, म्हणजे आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीच्या. सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे पठारावर ज्या कंपनीची पाती फिरतात, तीच कंपनी. गव्हाच्या शेताच्या कडेला उभं राहून ती ओळख पटली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. या चक्क्या गावाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त वीज तयार करतात.

परत कोण आलं

२००० च्या जनगणनेत ग्रीन्सबर्गची लोकसंख्या १,५७४ होती. २०१० मध्ये ७७७. २०२० मध्ये ७४०.

या आकड्यांवरून काही जण म्हणतात, एवढं करून काय मिळालं? मला हा प्रश्न अर्धवट वाटतो. १९६० साली हे गाव दोन हजारांच्या आसपास होतं. तेव्हापासून ते कमीच होत आलं आहे, आणि ते काही एकट्या ग्रीन्सबर्गचं नाही. यंत्रं मोठी झाली, एका कुटुंबाची जमीन वाढत गेली, शेजारची चार कुटुंबं गेली. चार कुटुंबं गेली की दुकानाचं गिऱ्हाईक गेलं, वर्गातली मुलं गेली. जे पंचवीस-तीस वर्षांत व्हायचं होतं ते टोर्नेडोने एका रात्रीत केलं.

कोण गेलं ते पाहिलं की चित्र उलगडतं. गावात म्हातारी माणसं पुष्कळ होती. जुन्या, छोट्या, कर्ज फिटलेल्या घरात राहणारी. त्या घराचा विमा होता तो जुन्या किमतीचा. नवं घर बांधायला त्याच्या कितीतरी पट पैसे लागणार. पंचाहत्तराव्या वर्षी कर्ज कोण काढेल? मुलगी विचिटात, मुलगा डेनव्हरमध्ये. ते तिकडे गेले. भाड्याने राहणाऱ्यांची गत याहून वाईट. त्यांचं घर परत बांधायचं की नाही, हे मालक ठरवणार होता. स्वस्त, जुनी घरं एकदम नाहीशी झाली आणि तशी घरं नव्याने बांधताच येत नाहीत. नवं बांधलं की ते महागच होतं. मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत गेलं की हे दिसतं. एक देखणं घर, मग तीन रिकामे चौकोन, त्यांवर नीट कापलेलं गवत. जुना पदपथ येतो आणि जिथे दार असायला हवं तिथे संपतो.

सरकारी इमारतींना अनुदान मिळालं, कंपन्यांनी मदत केली, टीव्हीवर मालिका झाली. सार्वजनिक गोष्टी उत्तम झाल्या, आणि त्याचं श्रेय गावाचंच. खाजगी घराला मात्र तेवढं बळ कुणी दिलं नाही. विजेचं बिल अर्ध्यावर आणणारी भिंत बांधता येते, पण ती बांधायला लागणारे पैसे आज हातात असावे लागतात. पुनर्वसनाचं गणित इथे अडतं, आणि ते अडलेलं मला पदोपदी दिसलं.

हेच गणित आता दुसऱ्या एका गावापुढे आहे. २१ मे २०२४ रोजी आयोवा राज्यातल्या ग्रीनफिल्ड या दोन हजार वस्तीच्या गावातून टोर्नेडो गेला. मका आणि सोयाबीनचा मुलूख. इशारा वेळेवर मिळाला होता, तरी माणसं दगावली. रुग्णालयाचं नुकसान झालं. त्या भागातल्या काही पवनचक्क्याही त्या दिवशीच्या वाऱ्याने मुळापासून वाकवून पाडल्या. ग्रीनफिल्डमध्येही पडली ती मुख्यतः घरं, आणि त्यांतली पुष्कळशी जुनी, परवडणारी. रुग्णालयातली परिचारिका, शाळेतला शिक्षक, कोठारावरचा वजनकाटा सांभाळणारा मुलगा राहतो तो अशाच घरांत. विम्याचा धनादेश आल्यावर पहिल्या वर्ष-दीड वर्षात ही माणसं भाड्याची खोली शोधत कुठे जातात, त्यावर पुढच्या जनगणनेत ग्रीनफिल्डचा आकडा ठरेल.